डायनोसॉरांचा नाद: साताऱ्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

डायनोसॉर हा लहान मुलांचा विषय असं धरून बहुतेकजण तो सातवी-आठवीत सोडून देतात. पुढे कधीतरी भाच्यासाठी किंवा स्वतःच्या मुलासाठी पुसेगावच्या यात्रेतून रबरी टी-रेक्स घेताना लक्षात येतं की ओढ अजून गेलेली नाही. अशा मोठ्यांसाठी, आणि जी मुलं आत्ता या नादाला लागू पाहताहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोष्टी, सिनेमे, खेळणी आणि गेम अशा चार वाटांनी या छंदात शिरता येतं. सातारा-सांगलीच्या माणसाला शिवाय एक पाचवी वाट आहे. ती आपल्या डोंगरांतून जाते आणि माझ्या मते तीच सगळ्यात श्रीमंत आहे.

आधी गोष्ट, मग वस्तू

पहिला सल्ला हा की खेळणी विकत घेण्यापासून सुरुवात करू नका. आधी एखादी गोष्ट मनात भिनू द्या. ज्या प्राण्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे, त्याचंच खेळणं पुढे जपलं जातं. बाकीची खोक्यात जातात.

सिनेमापासून सुरू करणार असाल तर स्टीव्हन स्पिलबर्गचा १९९३ चा ‘ज्युरासिक पार्क’ पहिला बघा. आपल्याकडे तो १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आला आणि इंग्रजी न येणाऱ्या घरांतही डायनोसॉर पोचला. दोन तासांच्या या सिनेमात डायनोसॉर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं असतात. पहिल्यांदा बघताना हे कळतही नाही, कारण उरलेला सगळा वेळ आपण त्यांची वाट बघत असतो. पेल्यातलं पाणी थरथरतं, बांधलेली शेळी जागेवर नसते, कुंपणाची तार सैल पडते. साहसकथा कशी रचतात हे शिकायला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे. त्यातला टी-रेक्स काही दृश्यांत स्टॅन विन्स्टनच्या चमूने बनवलेलं अवाढव्य यंत्र आहे आणि काही दृश्यांत संगणकावर घडवलेला आहे. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा कुठे यंत्र आणि कुठे संगणक हे ओळखायचा प्रयत्न करा. त्यात फार मजा येते.

या मालिकेत २०२५ पर्यंत सात सिनेमे झाले. सगळे एका शनिवार-रविवारात संपवू नका, पुढचे भाग एकमेकांत मिसळून जातात. पहिल्यानंतर थेट २०१५ चा ‘ज्युरासिक वर्ल्ड’ बघितला तरी चालतं. त्यात उद्यानाच्या मालकाच्या भूमिकेत इरफान खान आहे आणि तो वाट्याला आलेल्या थोड्या वेळातही लक्षात राहतो.

मग मागे जा. आर्थर कॉनन डॉयलची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी १९१२ ची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात चारी बाजूंनी तुटलेले कडे असलेलं एक पठार आहे, त्यावर जुने प्राणी अजून जिवंत आहेत, आणि प्राध्यापक चॅलेंजर तिथे एका पत्रकारासह काही माणसं घेऊन जातो, असा तिचा गाभा. सातारकरांना ही कादंबरी वाचताना एक फायदा मिळतो. सपाट माथा आणि खाली सरळ कडा म्हणजे काय, हे समजायला आपल्याला चित्र लागत नाही. पाचगणीचं टेबललँड किंवा कोणताही सडा आठवला की झालं. मी तर सांगेन, पुस्तक घेऊन टेबललँडच्या कडेला बसा आणि त्यांचं पठारावर चढणं तिथे वाचा. मूळ इंग्रजी मजकूर आता हक्कमुक्त असल्याने इंटरनेटवर फुकट मिळतो.

याच कादंबरीवर १९२५ मध्ये मूकपट निघाला. त्यातले प्राणी विलिस ओब्रायनने छोट्या बाहुल्या एकेक चित्रचौकटीसाठी किंचित हलवून चालते केले. शंभर वर्षांपूर्वीची ती हालचाल अडखळती आहे. तरी पोट वरखाली करत श्वास घेणारा प्राणी पाहून आजही अंगावर काटा येतो. १९३३ च्या ‘किंग काँग’मधले डायनोसॉरही ओब्रायनच्याच हातचे.

ज्यूल व्हर्नची पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची गोष्ट याहून जुनी, १८६४ ची. भूगर्भातल्या समुद्रात इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर यांची झुंज होते तो भाग वाचाच. हे दोन्ही सागरी सरीसृप, डायनोसॉर नव्हेत, पण त्या झुंजीतून पुढच्या कित्येक झुंजी जन्माला आल्या. मराठी वाचकांपर्यंत व्हर्न आणण्याचं मोठं काम भा. रा. भागवतांनी केलं. फास्टर फेणे वाचून मोठे झालेल्यांना त्यांची भाषा लगेच आपली वाटेल. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या नगर वाचनालयात बालविभागाच्या कपाटाशी नुसतं थांबू नका, अनुवादित साहित्याचं कपाटही उघडायला सांगा.

दोन रकान्यांची वही

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक प्राण्याला एक पान द्या आणि पानावर उभी रेघ मारा. डावीकडे ‘गोष्टीतला’, उजवीकडे ‘खरा’. या छंदातली ही सगळ्यात उपयोगी सवय आहे, कारण तिच्यामुळे गोष्टीची मजाही राहते आणि खऱ्याची ओळखही होते. एकाला दुसऱ्यासाठी बळी द्यावं लागत नाही.

नमुन्यादाखल ‘ज्युरासिक पार्क’मधल्या व्हेलोसिरॅप्टरचं पान घेऊ. डावीकडे लिहा: माणसाएवढा उंच, अंगाला खवले, दार उघडतो, टोळीने शिकार करतो. उजवीकडे: मंगोलियातला, लांबी शेपटीसकट साधारण दोन मीटर, उंची आपल्या गुडघ्याच्या थोडी वर, आणि अंगावर पिसं. हाताच्या हाडावर पिसं रुतण्याच्या खुणा २००७ मध्ये जाहीर झाल्या. सिनेमातला प्राणी आकाराने डायनोनिकस या त्याच्या मोठ्या नातलगाच्या जवळ जातो. त्या डायनोनिकसचं वर्णन जॉन ऑस्ट्रम या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये केलं आणि त्यानंतर डायनोसॉर सुस्त, थंड रक्ताचे असावेत या समजुतीला जोराचा धक्का बसला.

डायलोफोसॉरसच्या पानावर डावीकडे ‘गळ्याभोवती पंखा, विष थुंकतो’ असं येईल. उजवीकडे या दोन्हींचा काहीही पुरावा नाही असं लिहावं लागेल, आणि प्राणी सिनेमातल्यापेक्षा बराच मोठा होता हेही. टी-रेक्सच्या पानावर डावीकडे ‘हललं नाही तर दिसत नाही’. उजवीकडे डोळे समोर रोखलेले, नजर उत्तम. म्हणजे खऱ्या टी-रेक्ससमोर स्तब्ध उभं राहून काही उपयोग झाला नसता.

इथे नव्या माणसाला एक मोह होतो. चार गोष्टी कळल्या की तो सोबत सिनेमा बघणाऱ्यांना प्रत्येक दृश्यात ‘हे चूक आहे’ असं सांगू लागतो. कृपा करून हे टाळा. पिसं असलेला पहिला डायनोसॉर, सायनोसॉरोप्टेरिक्स, चीनमधून जगासमोर आला १९९६ मध्ये, सिनेमा त्याच्या तीन वर्षं आधीचा. ज्यांनी तो बनवला त्यांनी त्या काळातलं बरंच नवं ज्ञान पडद्यावर आणलं होतं: चपळ, शेपूट उचलून धावणारे, पक्ष्यांशी नातं सांगणारे प्राणी. वहीत चुका टिपा आणि सिनेमा संपल्यावर चहा घेताना बोला.

वहीच्या पहिल्या पानावर तीन काळांचा तक्ता मात्र हवाच. ट्रायासिक सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा, ज्युरासिक सुमारे २० ते साडेचौदा कोटी, क्रिटेशियस तिथून ६ कोटी ६० लाख वर्षांपर्यंत. स्टेगोसॉरस ज्युरासिकच्या उत्तरार्धातला, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा. टी-रेक्स क्रिटेशियसच्या अगदी शेवटचा. दोघांमध्ये आठ कोटी वर्षांचं अंतर आहे. खेळताना त्यांची झुंज जरूर लावा, वहीत मात्र त्यांना एकाच पानावर बसवू नका.

एक प्रश्न मुलं हमखास विचारतात, त्याचं उत्तर तयार ठेवा. अंबरमध्ये, म्हणजे दगडासारख्या घट्ट झालेल्या झाडाच्या चिकात, अडकलेल्या डासाच्या पोटातून डीएनए काढून डायनोसॉर बनवता येईल का? नाही. डीएनए इतका काळ टिकत नाही. आजवर मिळालेला सर्वात जुना डीएनए ग्रीनलँडमधल्या गाळातला आहे, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा, २०२२ मध्ये जाहीर झालेला. डायनोसॉर त्याच्या तीसपटीहून अधिक मागे आहेत. मूल हिरमुसलं तर त्याला खिडकीतून कावळा दाखवा. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज आहेत.

यवतेश्वरचा घाट आणि साडेसहा कोटी वर्षं

आता पाचवी वाट. सह्याद्री लाव्हाने बनला हे शाळेत सगळे शिकतात, पण ते डायनोसॉरांशी जोडून कुणी सांगत नाही. दख्खनचे ज्वालामुखी साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे पेटले होते. जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर येत होता, पसरत होता, थंड होत होता. मध्ये शांततेचा काळ जायचा, मग नवा थर. त्याच सुमाराला मेक्सिकोच्या युकातान भागात, आजच्या चिक्शुलूबजवळ, लघुग्रह आदळला. पक्षी सोडून सगळे डायनोसॉर संपले, त्यात या आघाताचा वाटा मोठा मानतात. दख्खनच्या उद्रेकांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत. जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी महाबळेश्वर-वाईच्या घाटांतून दगडांचे नमुने नेले ते याच प्रश्नासाठी. आपण त्याच घाटातून एसटीने जातो.

हे बघायला अर्धा दिवस पुरतो. साताऱ्याहून कासकडे निघा आणि यवतेश्वरच्या घाटात सुरक्षित जागा बघून थांबा. वळणावर थांबू नका, तिथे गाड्या वेगाने येतात. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, काळ्या कातळाचे आडवे थर. दुसरी, कुठे दोन थरांच्या मध्ये दिसणारा तांबूस मातीचा पट्टा. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत आधीच्या थराची झीज होऊन तो बनला, म्हणजे तिथे जमिनीला श्वास घ्यायला सवड मिळाली होती. तिसरी, कातळातली बारीक भोकं. लाव्हातून वायूचे बुडबुडे निघाले त्यांच्या त्या जागा. पुष्कळ भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. ते खनिज आहे, कुणाचे दात नव्हेत.

थरांचा नियम सोपा: खालचा आधीचा, वरचा नंतरचा. उद्रेक डायनोसॉर असतानाही चालू होते आणि ते संपल्यावरही चालू राहिले. अलीकडच्या कालमापनानुसार सह्याद्रीच्या माथ्याकडचे बरेचसे थर डायनोसॉर संपल्यानंतरचे ठरतात. म्हणून घाटात उभं राहून ‘या दगडावरून टी-रेक्स चालला’ असं मुलांना सांगू नका. टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला होता, इथे तो कधीच नव्हता. ‘डायनोसॉरांचं युग संपत होतं तेव्हाच्या पृथ्वीची ही राख-आग आहे’ असं सांगा. हे खरं आहे आणि मुलांचे डोळे तेवढ्यानेही मोठे होतात.

सांगली-मिरजेकडच्यांना दंडोबाचा डोंगर जवळ. कऱ्हाडकरांना आगाशिवची लेणी. लेण्यांत तर दगड आतून पोखरलेला असल्याने छतावर आणि भिंतींवर तीच भोकं आणि तेच स्फटिक डोळ्यांसमोर येतात.

आता महत्त्वाचा इशारा. आपल्या भागात डायनोसॉरची हाडं शोधत फिरू नका, ती इथे मिळणार नाहीत. हाडं टिकायला गाळ लागतो. नदीकाठी, तळ्याकाठी मेलेला प्राणी चिखलात गाडला गेला तर त्याचा जीवाश्म होतो. उकळत्या लाव्हात काही टिकत नाही, आणि इथला जुना गाळ असलाच तर शेकडो मीटर कातळाखाली आहे. दरवर्षी कुणीतरी गोल गरगरीत दगड घेऊन येतो आणि ‘अंडं सापडलं’ म्हणतो. काळा कातळ झिजताना कोपरे आधी गळतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत आत गोळा उरतो. तसा दगड सापडला तर वहीत त्याचं चित्र काढा, तोही चांगला विषय आहे.

खरी अंडी नर्मदेच्या खोऱ्यात मिळतात. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात शेतकरी अशा गोल दगडांना शेताचा राखणदार, काकड भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत आले होते. ते डायनोसॉरचं अंडं आहे हे अभ्यासक तिथे गेल्यावर कळलं. आपल्या बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर लावणाऱ्याला ही श्रद्धा परकी वाटायचं कारण नाही.

आपल्या मातीतला एक प्राणी निवडा

छंदात टिकायचं असेल तर सगळे डायनोसॉर एकदम अंगावर घेऊ नका. एक प्राणी आपला माना आणि त्याच्याबद्दल मिळेल ते वाचा. मी भारतीय प्राणी निवडायला सांगेन, कारण दुकानातली जवळजवळ सगळी खेळणी अमेरिकी प्राण्यांची असतात आणि आपल्याकडे काही नव्हतंच असा समज त्यातून होतो. वास्तविक भारतात डायनोसॉरची हाडं पहिल्यांदा मिळाली १८२८ मध्ये, जबलपूरजवळ, विल्यम स्लीमन या लष्करी अधिकाऱ्याला. ‘डायनोसॉर’ हे नाव रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यानंतर चौदा वर्षांनी, १८४२ मध्ये दिलं.

निवडायला तीन चांगले उमेदवार आहेत. बारापासॉरस टागोरी हा ज्युरासिक काळातला लांब मानेचा शाकाहारी. गोदावरी खोऱ्यात मिळाला, १९७५ मध्ये नाव दिलं गेलं, आणि नावात रवींद्रनाथ आहेत. त्याचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. राजासॉरस नर्मदेन्सिस हा क्रिटेशियसच्या शेवटचा शिकारी, गुजरातेतल्या रैयोलीचा, नाव २००३ चं. डोक्यावर छोटं शिंग, धिप्पाड बांधा.

तिसरा माझा आवडता. आयसिसॉरस कोलबर्टी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, म्हणजे चक्क महाराष्ट्राचा. १९९७ मध्ये त्याचं वर्णन टायटॅनोसॉरस या आधीच माहीत असलेल्या डायनोसॉरची एक जात म्हणून झालं, २००३ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. पुढचे पाय लांब, मान जाड. लांब मानेच्या इतर डायनोसॉरांत तो लगेच वेगळा ओळखू येतो. ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ या माहितीपट मालिकेच्या २०२३ च्या दुसऱ्या सत्रात आयसिसॉरसच्या माद्या दख्खनच्या ज्वालामुखीच्या प्रदेशात अंडी घालायला येतात आणि त्यांच्या पिल्लांच्या मागे राजासॉरस लागतो. आपला मुलूख पडद्यावर असा पेटलेला बघून मला भरून आलं. शक्य असेल तर हा भाग यवतेश्वरच्या फेरीनंतर लगेच बघा.

खेळणी घेताना

मोती चौकातल्या दुकानात किंवा यात्रेत जाळीच्या पिशवीत डझनभर डायनोसॉर मिळतात. सुरुवातीला ते चांगले. नाक मुरडू नका, फक्त पिशवी रिकामी करून वर्गवारी करा. उडणारा टेरोसॉर, पाण्यातला मोसासॉर आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन बाजूला काढा. हे डायनोसॉर नव्हेत, डायमेट्रोडॉन तर डायनोसॉरांच्याही आधीचा. ही वर्गवारी मुलाला करायला दिली तर एक दुपार छान जाते.

लहान मुलांसाठी घेताना आयएसआय चिन्ह बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते २०२१ पासून सक्तीचं आहे. उग्र वास येत असेल किंवा रंग बोटाला लागत असेल तर खेळणं परत ठेवा.

संग्रह करायचा असेल तर श्लाइश, पापो, कलेक्टा, सफारी अशा कंपन्यांच्या मूर्ती ऑनलाइन मिळतात. महाग असतात, म्हणून आधी प्रमाण ठरवा. संग्राहकांत १:४० आणि १:३५ ही प्रमाणं रुळलेली आहेत. १:४० म्हणजे बारा मीटरचा टी-रेक्स तीस सेंटिमीटर आणि त्याच्यासमोर माणूस चार सेंटिमीटरच्या आसपास. प्रमाण न ठरवता घेत गेलात तर ट्रायसेराटॉप्स हत्तीएवढा आणि शेजारचा सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेचा अवाढव्य शाकाहारी, बैलाएवढा दिसतो, मग मांडणी कधीच जमत नाही. घेण्याआधी पायांची ठेवण बघा, दोन पायांवरचे प्राणी पुष्कळदा पुढे कलंडतात. उन्हाळ्यात पाय वाकला तर खेळणं गरम पाण्यात मिनिटभर धरा, पाय सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. रबरी प्लॅस्टिक त्या जागी बसतं. पाणी गरम करायचं आणि धरायचं काम मोठ्यांनी करावं.

आयसिसॉरस किंवा राजासॉरस सहजासहजी मिळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे रंगकाम. यात्रेतला स्वस्त मांसाहारी घ्या, साबणाने धुऊन वाळवा, पांढऱ्या ॲक्रेलिकचा पातळ थर द्या, मग हवा तो रंग. तो वाळल्यावर गडद तपकिरी रंग पुष्कळ पाण्यात कालवून सगळीकडे फासा आणि फडक्याने लगेच वरवर पुसा. खवल्यांच्या खाचांत रंग उरतो आणि प्राण्यात जीव येतो. डोक्यावर एम-सीलचं छोटं शिंग बसवलं की राजासॉरस तयार.

दिवाळीच्या किल्ल्याचं कसब इथे वापरा

खेळण्यांची मांडणी हा या छंदाचा सगळ्यात आनंदाचा भाग आहे आणि साताऱ्याची मुलं त्यात जन्मतः तयार असतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून लाल माती आणि पेरलेले अळीव. दिवाळीत किल्ला करणाऱ्याला याहून वेगळं काही शिकावं लागत नाही. किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी डायनोसॉर ठेवला की घरातले मोठे ओरडतात आणि ते बरोबरच आहे, महाराजांच्या किल्ल्याचा मान वेगळा. डायनोसॉरांसाठी वेगळी जागा करा. गॅलरीत जुनी परात किंवा फळांच्या पेटीचं झाकण पुरतं.

काळ ठरवून झाडं लावा. ज्युरासिकचा देखावा असेल तर गवत नको, तेव्हा गवत नव्हतं. नेचे, सायकससारखी झाडं, सूचिपर्णी चालतील. नेचे पावसाळ्यात जुन्या भिंतींवर उगवलेले मिळतात, मातीसकट अलगद काढा. क्रिटेशियसच्या शेवटचा भारत करायचा असेल तर अळिवाचं हिरवं लुसलुशीत गवत बिनधास्त पेरा. याला पुरावा आहे, आणि तोही महाराष्ट्रातला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी डायनोसॉरांच्या काळात गवत नसावं असंच मानलं जाई.

मागे काळ्या दगडांचा डोंगर करा, त्यात एका भेगेतून लाल-केशरी जिलेटिन कागद खाली उतरवा आणि कागदाखाली गणपतीच्या आराशीतली छोटी दिव्यांची माळ दडवा. अंधारात लाव्हा वाहतो. शंकूच्या आकाराचा धुराडा-ज्वालामुखी करू नका, दख्खनचा लाव्हा भेगांतून पसरत आला. आयसिसॉरस अळीवात उभा, राजासॉरस दगडाआड. अळीव चार-पाच दिवसांत उगवतं आणि आठवड्याभरात पिवळं पडायला लागतं, म्हणून फोटो वेळेत काढा. मोबाइल जमिनीला टेकवून काढा. प्राण्याच्या डोळ्यांच्या खालून काढलेल्या फोटोत तो खराखुरा उंच दिसतो.

गेमबद्दल थोडक्यात

नव्वदीच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी घालून ‘मुस्तफा’ खेळलेल्यांना वेगळी ओळख नको. कॅपकॉमचा १९९३ चा तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातले डायनोसॉर बरेचदा वाईट माणसांचे बळी असतात आणि नायक त्यांच्या बाजूने लढतात, हे तेव्हा मारामारीच्या नादात निसटलेलं असतं. आता पुन्हा खेळताना बघा.

चांगला संगणक असेल तर २०१८ पासूनची ‘ज्युरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन’ मालिका घ्या. उद्यान चालवायचं, कुंपणं, खाद्य, वादळं सांभाळायची, असा शांत खेळ आहे. ‘आर्क’ या गेममध्ये जगण्याची धडपड आहे, त्यात वेळ फार जातो, दहावी-बारावीच्या वर्षात नकोच. मोबाइलवरचे फुकट गेम जाहिराती आणि खरेदीच्या आमिषाने भरलेले असतात. मुलाच्या हाती देण्याआधी फोनमधली खरेदी कुलूपबंद करा. घरात चार माणसं बसणार असतील तर ‘ड्राफ्टोसॉरस’ हा पंधरा मिनिटांचा पटावरचा खेळ मला सगळ्यांत बरा वाटतो. लाकडी छोटे डायनोसॉर मुठीत घ्यायचे, एक ठेवून बाकीचे शेजाऱ्याला द्यायचे आणि आपलं उद्यान भरायचं. आजीसुद्धा दुसऱ्या डावात जिंकते.

पहिला लांबचा प्रवास

वही अर्धी भरली की रैयोलीला जा. गुजरातेत बालासिनोरजवळ आहे. साताऱ्याहून पुणे किंवा मुंबई गाठून रेल्वेने अहमदाबाद, तिथून रस्त्याने दोन-अडीच तास. जागेवर जीवाश्म उद्यान आहे आणि २०१९ मध्ये सुरू झालेलं संग्रहालय आहे. थंडीत जा, उन्हाळ्यात तिथला माळ भाजून काढतो. उद्यानात खडकातच बसलेली हाडं आणि अंड्यांचे गोल दिसतात. ती दाखवायला जाणकार माणूस सोबत घ्या, एकट्याला चटकन ओळखू येत नाहीत. काहीही उचलू नका, खडा सुद्धा नाही. जागेवरून हललेल्या जीवाश्माची अर्धी माहिती कायमची नाहीशी होते. वही, पेन्सिल आणि मोजायला टेप न्या, आणि राजासॉरसच्या पानाचा उजवा रकाना तिथे बसून भरा.